सालीतलं जेवण

सौंसरात वीज गेली की लोक आधी दौलतभाऊंना शिव्या घालायचे आणि मग त्यांनाच चहाला बोलवायचे. वास्तविक वीज येण्याजाण्याशी दौलतभाऊंचा काडीचा संबंध नव्हता. ते मीटर वाचणारे. दारोदार जायचं, मान वर करून आकडे बघायचे, टिपून घ्यायचे आणि पुढचं दार गाठायचं. पण खांबावर चढणारा माणूस गल्लीत क्वचितच दिसतो आणि दौलतभाऊ दर महिन्याला दारात हमखास उभे, त्यामुळे खात्याचा सगळा राग त्यांच्या वाट्याला येई. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "बोला, बोला," ते म्हणत, "साहेबाले बोलाल तं साहेब ऐकत नाही. मले बोलून घ्या, मन हलकं करा, अन् चहा ठेवा."

चहा ते प्रत्येक घरी पीत. बशीत ओतून, फुंकर मारून, डोळे मिटून. कोणाच्या घरी अद्रक जास्त, कोणाच्या घरी विलायची, कोणाच्या सुनेने कालपासून दूध कमी केलं आहे, हे त्यांना मीटरच्या आकड्यांपेक्षा चांगलं ठाऊक असे. शोभाकाकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, दिवसाचे कप मोजायला लागल्या होत्या, पण दुपारपर्यंतच त्यांनी नाद सोडला. कोणी टोकलं तर दौलतभाऊ म्हणत, "बारा वर्षांचा चहा राहून गेला ना जी माझा. थो पुरा करून राहिलो."

ही बारा वर्षं त्यांनी एका मार्गात काढली होती. त्या मार्गाचं खरं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांची थोरली बहीण, पांढुर्ण्याच्या अक्का, अजून त्यात आहेत आणि त्यांचा नातू त्यांना सगळं वाचून दाखवतो. आपण त्याला शुद्धमार्ग म्हणू. गुरुवारी पांढरे कपडे घालून भजनाला बसायचं, खोटं बोलायचं नाही, दारूला शिवायचं नाही, घरातले जुने देव नदीत सोडायचे आणि बाहेरच्याच्या हातचं शिजवलेलं अन्न किंवा पाणी घ्यायचं नाही. बाहेरचा म्हणजे जो मार्गात नाही तो, मग तो सख्खा सासरा का असेना. एकच सवलत होती. सालीतलं चालायचं. केळं, संत्रं, शेंगा, जे जे म्हणून निसर्गाने बांधून दिलं आहे ते कोणाच्याही घरचं घ्यावं, मात्र साल खाणाऱ्याने आपल्या हाताने काढावी. दुसऱ्याने सोललं की ते बाटलं.

आता मीटर वाचणाऱ्या माणसाने, सौंसरच्या उन्हात, दिवसभर कोणाच्या घरचं पाणी न पिता हिंडायचं म्हणजे काय ते तुम्हीच बघा. दौलतभाऊंच्या खांद्याला दोन बाटल्या असत आणि अकरा वाजेपर्यंत दोन्ही रिकाम्या होत.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते याच काळात. मार्च संपायला आला होता, ऊन चांगलं तापलं होतं. माझ्या आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. दौलतभाऊंनी हात जोडले, "नोको माय." चहा? "नोको माय." आई आत आली आणि तिने तांब्या ओट्यावर आपटला. आमचं घर बौद्ध. दारात आलेल्या माणसाने पाणी नाकारलं तर त्याचं कारण आमच्याकडे विचारावं लागत नाही, ते आजोबांच्याही आधीपासून पाठ आहे. पण हा माणूस काही जाईना. पायरीवर टेकला, टोपी काढून वारा घेतला आणि म्हणाला, "संत्रं असंल घरात तं द्या ना माय. भल्ली तहान लागली."

आईने संत्रं दिलं. दौलतभाऊंनी ते स्वतः सोललं, फोड फोड करून खाल्लं, साली पिशवीत भरल्या आणि हात जोडून गेले. रात्री जेवताना आई म्हणाली, "साल असते ना संत्र्याले, म्हणून चालते त्याले. आपला हात आत पोचत नाही." दुसऱ्या महिन्यातही तेच झालं. तिसऱ्या महिन्यात तिने सरळ तोंडावर विचारलं, "भाऊ, आमच्या घरचं पाणी काहून चालत नाही तुमाले?" दौलतभाऊंचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "माय, माझ्या सासऱ्याच्या घरचं बी चालत नाही. सासू दोन वर्षांपासून बोलून नाही राहिली माझ्याशी." आईचा विश्वास बसला नाही. तिने बाजारातल्या किराणावाल्यांकडे, पटवाऱ्यांकडे, देवळाजवळच्या जोशीकाकूंकडे, जिथे जिथे मीटर होतं तिथे तिथे चौकशी केली. सगळीकडे एकच उत्तर, पाणीही नाही, चहाही नाही. तेव्हा कुठे ती निवली. "सगळ्यांचंच नाही पेत, मंग ठीक आहे," ती म्हणाली. "येडा आहे, वाईट नाही."

हा निवाडा दौलतभाऊंना कोणीतरी जाऊन सांगितला. त्यानंतर दर महिन्याला ते आमच्या पायरीवर बसत आणि हाक देत, "माय, येडा आला. संत्रं द्या."

मार्गात ते गेले कसे, हेही ते चारचौघांत सांगत, कसलाही आडपडदा न ठेवता. तरुणपणी ते मोहाची प्यायचे. नोकरी जायची वेळ आली होती. आई लहानपणीच गेलेली, त्यांना वाढवलं ते थोरल्या बहिणीने, या अक्कांनी. अक्का पांढुर्ण्याला दिलेल्या. त्यांना कोणीतरी सांगितलं की घरातलं एक माणूस मार्गात आलं की दुसऱ्याचं व्यसन सुटतं. अक्कांनी मागचापुढचा विचार न करता आपले देव जाम नदीत सोडले, मार्ग घेतला आणि मग सौंसरला येऊन भावाला कॉलरला धरून बसमध्ये बसवलं. दारू सुटली. कशाने सुटली यावर घरात पुढे फार वाद झाले, पण सुटली हे खरं आणि परत कधी लागली नाही हेही खरं.

मार्ग सुटला तो मोहगावच्या एका म्हातारीमुळे. मे महिन्यात तिकडे मीटर बघायला गेले असताना दौलतभाऊंना ऊन लागलं आणि ते तिच्या दारात कोसळले. म्हातारीने डोकं मांडीवर घेतलं आणि मडक्यातलं पाणी पाजलं. शुद्ध होती की नव्हती, प्यालो की पाजलं, असल्या पळवाटा काढण्यातला हा माणूस नव्हता. येत्या गुरुवारी स्वतःच उभे राहून त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. वडीलधाऱ्यांनीही ताणलं नाही. काही गुरुवार वेगळं बसा, म्हणाले, आणि एवढंच म्हणा की मी अशुद्ध पाणी प्यालो.

"वेगळा बसतो," दौलतभाऊ म्हणाले. "चूक माझी, कबूल. पण पाणी अशुद्ध होतं असं नाही म्हणता येत. थंडगार होतं. बुढीनं मडक्यात वाळा टाकला होता."

त्यांना खूप समजावलं. अशुद्ध म्हणजे घाण नव्हे, त्याचा अर्थ वेगळा आहे, वगैरे. दौलतभाऊ सगळं ऐकून घेत आणि पुन्हा वाळ्यावर येत. खोटं बोलायचं नाही हा नियम तर तुम्हीच शिकवला, असंही एकदा म्हणाले. शेवटी वडीलधारे कंटाळले. बारा वर्षांचा मार्ग असा वाळ्याच्या एका काडीवरून सुटला.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात उभे. महिन्याचा दिवस नव्हता, खांद्याला बाटल्या नव्हत्या. "माय," ते म्हणाले, "चहा ठेवता काय?" आईने घरातलं होतं नव्हतं ते दूध ओतून चहा केला. ते दोन कप प्याले. आईने सवयीने विचारलं, "संत्रं देऊ?" तर म्हणाले, "संत्रं नोको. आता शिजवलेलं द्या काहीतरी." मग पोळी आणि वांग्याची भाजी खाऊन गेले. बारा वर्षांनंतरचा पहिला चहा त्यांनी आमच्या घरी घेतला, बाजारपेठेतली शंभर घरं सोडून. तो आमच्याकडेच का, हे ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. आईने मात्र ही गोष्ट मोहल्लाभर सांगितली. मला तिचा अभिमान वाटला आणि त्यांचा त्याहून जास्त वाटला.

पुढे आम्ही त्यांच्या शेजारीच घर घेतलं. मधे कमरेइतकी भिंत, त्यामुळे त्यांच्या अंगणातलं बोलणं आमच्या अंगणात आपोआप येई. त्या अंगणात त्यांचं एक संत्र्याचं झाड होतं. सौंसरकडे संत्र्याच्या बागांना तोटा नाही, इथलं शेंबडं पोरही फळ हातात घेऊन गोड की आंबट ते सांगतं. दौलतभाऊंचं झाड जगातलं सगळ्यात आंबट झाड असावं. पण मालकाला ते मान्य नव्हतं. "साखर आहे, साखर," म्हणत ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात संत्रं कोंबत आणि तो खात असताना त्याच्या तोंडाकडे आशेने बघत उभे राहत. मी एक डोळा मिटून, जबडा आवळून, "वा" म्हणायला शिकलो होतो. आई म्हणायची नाही. ती म्हणायची, "भाऊ, झाडाच्या मुळाशी चिंच पुरली होती काय?"

घरातला वाद सुरू झाला तो त्यांची मुलगी पल्लवी नागपूरला कॉलेजात शिकवायला लागल्यावर. ती एका सुट्टीत आली आणि अंगणात बसून म्हणाली, "बाबूजी, आपण ज्याच्यात होतो ना, तो धरम नव्हता. कल्ट होता."

"म्हणजे काय व?" शोभाकाकूंनी विचारलं.

पल्लवीने शिकवायच्या आवाजात सांगितलं. एकच माणूस सगळं ठरवतो. नातेवाइकांपासून तोडतात. काय खायचं, कोणाकडे खायचं, ते सांगतात. सगळ्यांसमोर चूक कबूल करायला लावतात. सोडून गेलेल्याला परकं करतात.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुहा प्राचार्य एकटाच ठरवते. माझ्या भावाच्या लग्नाले तुले सुट्टी नाही देल्ली. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माफी मागायले लावली असं तूच सांगत होती. मंग तुहं कॉलेज बी कल्टच झालं ना?"

मी भिंतीच्या अलीकडे वह्या तपासत होतो, माझा लाल पेन थांबला. पल्लवीला हसू आलं आणि रागही आला. काकूंचं म्हणणं साधं होतं. नवरा त्यातून माणसात आला. घराबाहेर चार बायांत बसायला मिळालं ते तिथेच, आणि आयुष्यात पहिल्यांदा माईकवर बोलल्या त्याही तिथेच. नवऱ्यामागे मार्ग सोडला तरी दर गुरुवारी त्या भांडी घासताना तीच भजनं म्हणत. "धरमच होता थो," त्या म्हणत, "आपल्याले नाही झेपला."

यावर दोघी दौलतभाऊंकडे वळत. बाबूजी, तुम्ही सांगा. अहो, तुम्ही सांगा. दौलतभाऊ उठून झाडाकडे जात आणि दोन संत्री तोडून आणत. "आधी हे खा," ते म्हणत, "मंग सांगतो." संत्रं खाल्ल्यावर काही वेळ कोणालाच बोलता येत नसे, त्यामुळे वाद तिथेच थांबे. एकदा त्यांनी मलाच भिंतीवरून हाक मारली, "गुरुजी, तुम्हीच निकाल द्या." मी सांगितलं की उद्या परीक्षा आहे आणि आत निघून गेलो.

हे सगळं मजेत चाललं होतं, कारण अक्का येत होत्या. भाऊ बाहेरचा झाला म्हणून त्यांनी येणं सोडलं नव्हतं. पांढुर्ण्याच्या बसमधून उतरायच्या, पांढरं स्वच्छ लुगडं, एका हातात डबा, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. भावाच्या घरात बाजेवर बसून त्या आपल्या डब्यातलं खात, आपल्या बाटलीतलं पीत आणि भावाला बळेबळे आपल्या डब्यातलं भरवत. देता येई, घेता येत नसे. माहेरी येऊन माहेरचं पाणी न पिणारी ही एकच बाई मी पाहिली. दौलतभाऊ तिच्यासमोर मोठा गंभीर चेहरा करून बसत आणि ती गेल्यावर म्हणत, "माझ्यासाठीच गेली होती ना जी थे मार्गात. आता मी बाहेर निघालो अन् थे आतच राहून गेली."

मग पल्लवीला मुलगी झाली. अक्कांनी फोन केला, पोरीला एका गुरुवारी आणा, वडीलधाऱ्यांच्या पाया पडवू. पल्लवी म्हणाली, "आत्याबाई, राग मानू नका, पण माझी पोरगी मी तुमच्या कल्टमध्ये आणणार नाही." अक्कांना शब्द कळला नाही. त्यांनी नातवाला विचारलं. नातवाने मोबाइलवर शोधलं आणि जे सापडलं ते मोठ्याने, अथपासून इतिपर्यंत, वाचून दाखवलं.

अक्कांनी येणं बंद केलं. निरोप मात्र पाठवला. दौलतला विचारा, मी त्याला जिथे नेलं ती लबाडी होती काय. हो म्हणाला तर त्याच्या उंबरठ्यावर माझा पाय लागणार नाही. आणि पल्लवीनेही हट्ट धरला. बाबूजी 'हो' म्हणत नाहीत तोवर मला समजणार कसं की माझ्या लहानपणी जे झालं ते चुकीचं होतं.

भाऊबीजेला दौलतभाऊ पांढुर्ण्याला गेले. अक्कांनी ओवाळलं, जेवू घातलं आणि पान उचलायच्या आधी विचारलं, सांग. दौलतभाऊ म्हणाले, "शेव चांगली झाली अक्का." आणि परत आले. मला भिंतीपाशी म्हणाले, "पांढुर्ण्याचे लोक वर्षातून एक दिवस नदीपलीकडच्या सावरगाववाल्यांले गोटे मारतात, अन् दुसऱ्या दिवशी त्यांच्याचकडे सोयरीक जुळवतात. आमच्या घरात एकच गोटा लागला गुरुजी, थो बी शब्दाचा." ते हसले. पण त्या हिवाळ्यात त्यांनी चहा कमी केला. निवृत्त झाल्यावरही सवयीने गल्लीतून फेरी मारणारा हा माणूस हाका येत असताना हात हलवून पुढे जायला लागला. सासरच्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांशी त्यांनी जुळवून आणलं होतं, एक अक्का तेवढ्या हातच्या जात होत्या. आईने मला दोनदा विचारलं, "येड्याले काय झालं?"

संक्रांतीला पल्लवी आली, नवरा नीलेश आणि वर्षाची चिऊ. पहिल्याच दिवशी वाद निघाला, पण या वेळी दौलतभाऊ झाडाकडे गेले नाहीत. मी अंगणातच होतो, त्यांनी मला जा म्हटलं नाही.

"सव्वीस जानेवारीले शाळेत बुंदी वाटत होते," ते पल्लवीला म्हणाले. "तू पुडा घरी घेऊन येत होती अन् आपण थो बकरीले चारत होतो. आठवते?"

"पोट्टे मला बकरी म्हणून चिडवायचे बाबूजी," पल्लवी म्हणाली.

"मले माहीत होतं. तरी मी खाऊ नाही देल्लं तुले. थे चुकलं. मार्गाचं नाही, माझं चुकलं, बाप मी होतो. त्याले तुले जे नाव ठेवायचं थे ठेव, मी नाही म्हणणार नाही." मग जरा थांबून म्हणाले, "फक्त अक्काले नाव ठेवू नोको. थिनं तं माझ्यासाठी आपले देव सोडले."

पल्लवीने चिऊला उचलून उगाच दुसऱ्या मांडीवर घेतलं. त्याच संध्याकाळी दौलतभाऊंनी पांढुर्ण्याला फोन लावला. आवाज मोठा, भिंतीची गरजच नव्हती. "अक्का, चिऊचं बोरन्हाण आहे. ओवाळायले घरातलं मोठं माणूस कोण आहे, सांग? सवाल-जवाब काही नाही. डबा आण, बाटली आण, पण ये."

अक्का आल्या. लेकराच्या नावावर आल्या, असं त्यांनी उंबरठ्यातच जाहीर केलं. पल्लवी वाकून पाया पडली, अक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरीकडे बघितलं. मग बाजेवर बसताना त्यांच्या लक्षात आलं की हातात बाटली आहे, डबा नाही. डबा बसमध्ये राहिला होता आणि बस नागपूरकडे निघून गेली होती.

"राहू द्या," अक्का म्हणाल्या. "एक दिवस नाही जेवली तं काय होते."

"सकाळची गोळी घेतली ना तुम्ही?" काकूंनी विचारलं. गोळीवर खाल्लं नाही तर अक्कांना चक्कर येते हे सगळ्यांना ठाऊक होतं. परतीची बस संध्याकाळची. दौलतभाऊ अंगणात नुसते येरझारा घालायला लागले. घरात तीळगुळाच्या पोळ्या, भाजी, भात, सगळं तयार आणि त्यातलं काहीही तिला चालणार नाही.

तेवढ्यात बोरन्हाण उरकलं. चिऊला पाटावर बसवून डोक्यावरून सूप ओतलं आणि बोरं, मटारच्या शेंगा, भुईमूग, हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे अंगणभर पसरले. गल्लीतली पोरं लुटायला तुटून पडली. पल्लवी त्या पसाऱ्याकडे बघत उभी होती. मग तिने पदर खोचला आणि टोपलीत राहिलेल्या शेंगा घेऊन अक्कांसमोर येऊन बसली.

"आत्याबाई, सालीतलं चालते ना?"

अक्कांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "चालते," त्या म्हणाल्या.

"मग जेवा."

पुढचा अर्धा तास मी जे ऐकलं ते कोणत्याही कोर्टात ऐकायला मिळणार नाही. पल्लवीने मागच्या दारच्या तुरीच्या शेंगा आणल्या. काकू म्हणाल्या, उकडून देते. पल्लवी म्हणाली, उकडायच्या नाहीत, आपल्या घरचं पाणी आत जाते, ते नाही चालत. काकू म्हणाल्या, एवढं काही नसते, मार्गात कोणी असं बघत नव्हतं. पल्लवी म्हणाली, आई, बघत होते, तुला नियम माहीत नाही. जो मार्ग कल्ट होता त्याचे नियम ती इतक्या बारकाईने सांगत होती आणि ज्यांच्या मते तो धरम होता त्या काकू "जाऊ दे ना, कोण पाहते" म्हणत होत्या. शेवटी अक्कांनीच निकाल दिला. विस्तव शुद्ध असतो, भाजलेलं चालेल, साल फुटता कामा नये. नीलेश जावई, त्याला वाटलं आपणही मदत करावी. तो म्हणाला, "अंडंबी सालीतलंच असते ना?" सगळे त्याच्याकडे बघत राहिले आणि मग अक्काच आधी हसल्या, तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

दौलतभाऊंनी अंगणात काट्याकुट्यांचा जाळ केला. तुरीच्या शेंगा भाजल्या, रताळी राखेत पुरली, हरभऱ्याचे घाटे भाजून हुळा केला. कपाळाला राख लागलेली, धुराने डोळे लाल, आणि चेहऱ्यावर असा आनंद की माझी आई भिंतीपाशी येऊन उभी राहिली आणि नुसतं बघत राहिली. ताटात वाढलेलं प्रत्येक वाण आपापल्या सालीत होतं. अक्का एकेक शेंग स्वतः फोडत, दाणे काढत, खात. रताळ्याची साल त्यांनी हळूहळू सोलली. माहेरच्या अंगणात बसून ही बाई माहेरचं जेवत होती, इतक्या वर्षांनी.

शेवटी दौलतभाऊंनी झाडाचं संत्रं आणून ताटात ठेवलं. अक्कांनी ते उचललं. त्यांच्या बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले आहेत, शेंगा कशाबशा जमल्या होत्या. संत्र्याची साल घट्ट होती. त्यांनी नख रोवायचा प्रयत्न केला, निसटलं. पुन्हा केला. दौलतभाऊ समोर उकिडवे बसले होते. त्यांचे हात आपोआप पुढे आले, मग त्यांनी ते मागे घेतले आणि दोन्ही तळवे काखेत दाबून धरले. मदत करायची सोय नव्हती, दुसऱ्याने सोललं की बाटलं. अक्कांचं नख तिसऱ्यांदा निसटलं. पल्लवी काहीतरी बोलायला निघाली, काकूंनी तिचा हात दाबला.

अक्कांनी संत्र्याकडे पाहिलं. मग ते भावाच्या हातावर ठेवलं.

"सोलून दे," त्या म्हणाल्या.

त्यानंतर महिन्याभरात माझी बदली झाली आणि आम्ही छिंदवाड्याला आलो. दौलतभाऊंशी फोनवर बोलणं होतं, धरम की कल्ट तो वाद अजून मिटलेला नाही आणि आता नीलेशही त्यात पडतो असं कळतं. पण ते मला आठवतात ते त्या अंगणातले. तोंडाची टकळी कधी बंद न होणारा तो माणूस अगदी गप्प बसून संत्रं सोलत होता. राखेने माखलेली बोटं त्यांनी आधी धोतराला पुसली, साल एका तुकड्यात काढली, मग प्रत्येक फोडीवरची पांढरी शीर अन् शीर काढली आणि एकेक फोड बहिणीच्या हातावर ठेवली. अक्कांनी पहिली फोड तोंडात टाकली. एक डोळा मिटला. जबडा आवळला. मग दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली, सगळं संपवलं.

"दौलत," त्या म्हणाल्या, "तुहं झाड अजून आंबटच आहे."

दौलतभाऊंनी मान डोलावली.

अक्कांनी हात पुढे केला. "दुसरं सोल," त्या म्हणाल्या.